मार्कडाउन मराठीत कसं चालतं: अंबडच्या एका कारखान्यातून

द्राक्षबागेत फवारणीला लागणारे ट्रॅक्टरचे ब्लोअर बनवणाऱ्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी नोकरी करते. सर्व्हिसच्या नोंदी ठेवणं आणि शेतकऱ्याच्या हातात द्यायचं मॅन्युअल लिहिणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे. शिवाय रविवारी जिल्ह्यातला एखादा किल्ला गाठायचा आणि त्यावर ब्लॉग लिहायचा, हे माझं स्वतःचं खूळ. या तिन्ही जागी मी आता एकाच रीतीने लिहिते: साधी टेक्स्ट फाइल, मार्कडाउनच्या खुणांसह. मार्कडाउनबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठीच सांगितलेलं असतं. देवनागरीत लिहायला बसलं की अडचणी वेगळ्याच निघतात आणि त्या कुणी सांगत नाही. हे परीक्षण मुख्यतः त्यासाठी.

आधी एक गैरसमज दूर करते. मार्कडाउन हे सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे ‘कुठून डाउनलोड करू’ हा प्रश्नच उरत नाही. ती लिहिण्याची एक पद्धत आहे. जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखकाने २००४ मध्ये ती मांडली आणि आरन स्वार्ट्झ या तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाने तिच्या घडणीत हात लावला. कल्पना उचलली ती जुन्या ईमेलच्या रिवाजातून. ईमेलमध्ये ठळक अक्षराची सोय नव्हती तेव्हा लोक शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या टाकायचे, यादीतल्या प्रत्येक ओळीआधी छोटी रेघ मारायचे. ग्रुबरने या खुणांना नियम लावून दिले आणि त्यांचं वेबपेज करून देणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. आमच्या मॅन्युअलमधला तुकडा असा दिसतो:

# रोजची तपासणी

- पीटीओ शाफ्टचं गार्ड जागेवर आहे ना, ते बघा
- टाकीच्या तळाची गाळणी काढून धुवा
- ऑइलच्या काचेत रंग बघा, दुधाळ दिसला तर ट्रॅक्टर सुरू करू नका

**पंखा फिरत असताना जाळीजवळ हात नेऊ नका.**

हॅश म्हणजे मथळा, रेघ म्हणजे यादीतला मुद्दा, दोन-दोन चांदण्यांच्या मधलं ते ठळक. (पीटीओ शाफ्ट म्हणजे ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारा फिरता दांडा.) कुठलंही ॲप नसलं तरी हे डोळ्यांनी वाचता येतं, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. आमच्या फोरमन भाऊंनी ही फाइल पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, ह्या चांदण्या छापून येणार का?” नाही म्हटल्यावर ते थेट गाळणी आधी की गार्ड आधी या वादावर आले. मजकुरावर आले, म्हणजे फाइलने आपलं काम केलं.

नोंदींपासून सुरुवात करते, कारण तिथे मी विनाअट पाच तारे देते.

सर्व्हिसला पिंपळगाव, दिंडोरी, निफाड असं कुठेही जावं लागतं. ऑक्टोबर छाटणी झाली की फोन थांबत नाहीत. त्या दिवसांत फवारणी एक दिवस हुकली तर डाऊनी हा बुरशीचा रोग पानावर बसतो आणि शेतकरी आपल्याला सोडत नाही. बागेत उभं राहून, हाताला ग्रीस लागलेलं असताना, दहा खिडक्यांचं ॲप उघडायची कुणाची इच्छा नसते. फोनवर मार्कोर नावाचं फुकट ॲप आहे, ते साधी फाइल उघडतं आणि आपण लिहितो. नोंद अशी असते:

## पिंपळगाव, ६०० लिटर, डायफ्रॅम पंप
- तक्रार: डाव्या बाजूचा फवारा कमजोर
- गाळणी स्वच्छ, नोझल स्वच्छ
- ऑइल दुधाळ, डायफ्रॅम फाटलेला
- पीटीओ ५४० च्या वर पळवत होते #डायफ्रॅम

बस, एवढंच. (५४० म्हणजे पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे.) ऑइलमध्ये पाणी उतरलं की ते दुधाळ होतं, हे पंप दुरुस्त करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण हंगाम संपल्यावर लॅपटॉपवर सगळ्या फोल्डरमध्ये ‘दुधाळ’ एवढाच शब्द शोधला आणि त्या नोंदी शेजारी शेजारी लावल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी तो ५४० वाला उल्लेख पुन्हा पुन्हा दिसला. पंप खराब नव्हते, ट्रॅक्टरवाले घाईत रेस वाढवत होते. मग मॅन्युअलमध्ये तो इशारा पान सातवरून पहिल्या पानावर आला. हे शोधकाम कुठल्याही चांगल्या ॲपमध्ये होऊ शकलं असतं, मान्य. पण याआधी मी पैसे भरून एक नोंदींचं ॲप वापरत होते. त्यांनी फुकटच्या आणि स्वस्तातल्या सोयी कापत आणल्या, आणि बाहेर पडायचं म्हटल्यावर माझ्या नोंदी अशा एका पोतडीत बांधून दिल्या की त्या उलगडायलाच आठवडा गेला. आताच्या फायली फोल्डरमध्ये पडून आहेत. उद्या मार्कोर बंद पडलं तरी त्या दुसऱ्या कशातही उघडतील.

लॅपटॉपवर मी ऑब्सिडियन हे नोंदींचं ॲप वापरते. ते फुकट आहे, आणि २०२५ पासून ऑफिसच्या कामासाठीही लायसन्स घ्यायची सक्ती राहिलेली नाही. त्याचा कोड खुला नाही, हे काहींना खुपतं. मला फारसं नाही, कारण आतल्या फायली खुल्या आहेत. त्यांची स्वतःची सिंकची, म्हणजे फोन-लॅपटॉपवरच्या फायली जुळवून ठेवायची सेवा मात्र पैसे मागते. मी त्याऐवजी सिंकथिंग लावलं आहे, ते फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर आले की दोघांचे फोल्डर जुळवून घेतं. अँड्रॉइडवरचं त्याचं मूळ ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झालं, पण दुसऱ्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती मिळते. हे जोडायला एक संध्याकाळ मोडावी लागते. ज्यांना ती मोडायची नाही त्यांनी सिंकचे पैसे भरावेत, त्यात काही कमीपणा नाही.

टॅगबद्दल एक गोष्ट: हॅश आणि शब्द यांच्यात जागा सोडली तर मथळा, चिकटून लिहिलं तर ऑब्सिडियन त्याला टॅग समजतं. देवनागरी टॅग व्यवस्थित चालतात. #भुरी, #डाऊनी, #करपा, सगळे.

आता मॅन्युअल. इथे चार तारे, आणि पाचवा का नाही ते पुढे सांगते.

आमचं जुनं मॅन्युअल एका डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं होतं. फाइल आमच्याकडे होती, पण ती जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा दिसायचा. नाशिकच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्रेसमध्ये विचारा, अशा फायलींचे ढीग निघतील. म्हणजे नुसतं टेक्स्ट असून भागत नाही, ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखंच उघडणारं टेक्स्ट असावं लागतं. छापील प्रत समोर ठेवून सगळं नव्याने टाइप केलं, ते थेट मार्कडाउनमध्ये.

आम्ही तीन मॉडेल बनवतो. टाकी वेगळी, पंप वेगळा, पण पीटीओ शाफ्टची सुरक्षा, गाळणीची सफाई आणि हंगामाअखेरची धुलाई हे भाग तिन्हींत सारखेच. वर्डमध्ये हे भाग तीन ठिकाणी होते आणि दुरुस्ती एका ठिकाणी झाली की दुसऱ्या दोन जागी राहून जायची. आता प्रत्येक भाग ही स्वतंत्र फाइल आहे. पॅनडॉक नावाच्या प्रोग्रामला फायलींची नावं ओळीने दिली की तो त्या जोडून एक दस्तऐवज बनवतो: वर्ड, पीडीएफ, वेबपेज, काय हवं ते. सुरक्षेच्या भागात एक वाक्य बदललं की तिन्ही मॅन्युअलमध्ये बदलतं. पॅनडॉक २००६ पासून आहे आणि तो लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. आमच्या शेठना हे सांगितलं तर म्हणाले, “मग एवढं साधं कसं काय?”

शेठना वर्डच हवं असतं. त्यांचं चुकत नाही. त्यांना घरी बसून लाल रंगात शेरे मारायचे असतात. पॅनडॉकला नमुन्याची वर्ड फाइल देता येते. कंपनीचं लेटरहेड, मथळ्याचा रंग, मुक्ता फॉन्ट, समास, हे सगळं त्या एका नमुन्यात ठरवून ठेवलं की पुढची प्रत्येक फाइल त्याच कपड्यात बाहेर येते. थेट पीडीएफ काढायला गेलात तर मात्र जपून. पॅनडॉक पीडीएफसाठी लाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामची मदत घेतो आणि त्याचं नेहमीचं इंजिन देवनागरी दिसताच एरर फेकतं. झी-लाटेक हे इंजिन निवडून फॉन्टचं नाव सांगावं लागतं, मग जोडाक्षरं नीट येतात. मी आताशा वर्ड काढते आणि वर्डमधून पीडीएफ करून प्रेसला देते. लांबचा रस्ता आहे, पण प्रेसवाल्याचा फोन येत नाही.

दोन हंगामांच्या प्रती ताडून बघायचं सुख वेगळंच. व्हीएस कोड या टेक्स्ट एडिटरमध्ये मागची फाइल आणि यंदाची फाइल शेजारी लावली की बदललेल्या ओळी लाल-हिरव्या दिसतात. डीलरने विचारलं ‘यंदा काय बदललं’, तर उत्तर दोन मिनिटांत. वर्डची फाइल म्हणजे आतून झिप केलेलं गाठोडं, त्यात असं सरळ डोकावता येत नाही. वर्डमध्ये तुलना होते, पण ती वर्ड उघडूनच करावी लागते.

पाचवा तारा कापला तो फोटो आणि तक्त्यांमुळे.

फोटो मार्कडाउनच्या फाइलमध्ये नसतो, फोटो कुठे आहे त्याचा पत्ता असतो. फोल्डरचं नाव बदललं की फोटो गायब. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर मजकूर जातो, फोटो इथेच राहतो. त्यातून बऱ्याच फोनना डॉट-एमडी ही फाइल कशात उघडायची तेच कळत नाही. शेवटी डॉट-टीएक्सटी करून पाठवावी लागते. गाळणी कशी काढायची हे शब्दांत सांगणं आणि फोटोत दाखवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांना हा दोष छोटा नाही.

आणि तक्ते! ग्रुबरच्या मूळ मार्कडाउनमध्ये तक्त्यांची सोयच नव्हती, ती इतरांनी नंतर जोडली. उभ्या रेघांनी रकाने पाडायचे. इंग्रजीत एकसारख्या रुंदीच्या फॉन्टमध्ये ते रकाने देखणे दिसतात. देवनागरीत ‘प्रेशर’ आणि ‘लिटर प्रति मिनिट’ एकाखाली एक लिहून बघा, जोडाक्षरं आणि मात्रांमुळे रेघा नागमोडी पळतात. छापताना सरळ येतात, पण कच्च्या फाइलमध्ये वाचवत नाही, आणि कच्चं वाचता येणं हाच तर या प्रकाराचा मुख्य मुद्दा होता. दोन रकाने एकत्र करणंही जमत नाही. आमचा नोझलचा तक्ता, रंगानुसार आणि प्रेशरनुसार किती पाणी पडतं तो, मी एक्सेलमध्येच ठेवला आहे आणि तिथेच राहील.

आता देवनागरीचे खास त्रास. हा भाग कुणीतरी मला आधी सांगायला हवा होता.

पहिला, आकड्यांचा. मराठी माणूस पायऱ्या लिहिताना १., २., ३. असंच लिहिणार. माझ्या कीबोर्डवर तर मराठी चालू असताना आकडे देवनागरीच उमटतात. मार्कडाउनला हे आकडे समजत नाहीत. क्रमवार यादीसाठी त्याला इंग्रजी आकडाच लागतो, तसं नियमातच आहे. देवनागरी आकड्याने सुरू होणारी ओळ त्याच्या लेखी साधी ओळ, आणि एकाखाली एक आलेल्या साध्या ओळी तो जोडून एक परिच्छेद करतो. ‘१. इंजिन बंद करा २. पीटीओ काढा ३. प्रेशर सोडा’ हे सगळं एका रांगेत पळालेलं दिसतं. त्यात फसगत अशी की ऑब्सिडियन स्वतःच्या पडद्यावर ओळी जशा तोडल्या तशाच दाखवतं. तिथे सगळं आलबेल. पॅनडॉकमधून वर्ड काढलं की काला. उपाय म्हणजे पायऱ्यांपुरते इंग्रजी आकडे टाकायचे. वेबपेजवर पुन्हा देवनागरी आकडे हवे असतील तर पानाच्या सजावटीच्या सीएसएस फाइलमध्ये यादीचा प्रकार ‘देवनागरी’ असा सांगता येतो, ब्राउझरला तो ठाऊक आहे.

दुसरा, कीबोर्डचा. मी इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते. इंग्रजीत शिफ्ट-तीनला हॅश येतो आणि शिफ्ट-आठला चांदणी. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच जागी ‘क्र’मधल्या ‘र’ची जोडणी आणि ‘श्र’ बसलेत. म्हणजे प्रत्येक मथळ्याला आणि प्रत्येक ठळक शब्दाला भाषा बदला, खूण टाका, भाषा परत फिरवा. नंबरपॅड असलेल्या कीबोर्डवर निदान चांदणी मिळते, लॅपटॉपवर तीही नाही. यावर एक जुना, आता कुणी फारसा न वापरणारा तोडगा मार्कडाउनमध्येच आहे. मथळ्याच्या खालच्या ओळीत नुसत्या छोट्या रेघा ओढल्या तरी तो दुसऱ्या पातळीचा मथळा होतो. छोटी रेघ इन्स्क्रिप्टमध्ये आहे तिथेच आहे. यादीही रेघेनेच होते. मी आता मॅन्युअलचे मथळे असेच लिहिते आणि भाषा बदलायची कटकट निम्म्याहून कमी झाली आहे. फक्त, परिच्छेदानंतर नुसती सजावट म्हणून रेघ ओढायची असेल तर मध्ये एक ओळ मोकळी सोडा, नाहीतर तुमचा शेवटचा परिच्छेद मथळा होऊन ठळक, मोठ्या अक्षरांत दिमाखात उभा राहतो.

मोकळ्या ओळीचं म्हणाल तर ती सढळ हाताने सोडावी. मथळ्याआधी, यादीआधी, यादीनंतर. काही ॲप यादीआधी ओळ नसली तरी समजून घेतात, पॅनडॉक घेत नाही.

तिसरा त्रास विभक्तीचा, आणि हा फक्त आपल्यासारख्यांनाच व्हायचा. इंग्रजीत शब्द संपतो आणि जागा येते. आपण शब्दाला ‘वर’, ‘ला’, ‘चा’ चिकटवतो. ‘कॉक **बंद**वर ठेवा’ असं लिहिलं तर ठीक चालतं. पण ‘बंद’ला अवतरणचिन्हं लावून त्याबाहेर चांदण्या टाकल्या, **‘बंद’**वर, तर कॉमनमार्कच्या नियमाने चालणाऱ्या ॲपमध्ये शब्द ठळक होत नाही, चांदण्या तशाच छापून येतात. बंद होणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर आलं की तो नियम त्यांना शेवटच्या चांदण्या मानत नाही. फोरमन भाऊंचा प्रश्न शेवटी खरा ठरला म्हणायचा. तिरक्या अक्षरासाठी खालची रेघ वापरली तर तेच: _रामशेज_वर चालत नाही, *रामशेज*वर चालतं. तसंही देवनागरीत तिरकं अक्षर वापरूच नये असं माझं मत आहे. बहुतेक मराठी फॉन्टना खरी तिरकी अक्षरं नसतात, सॉफ्टवेअर सरळ अक्षरंच ढकलून आडवी करतं, आणि शिरोरेघेखाली ती पडायला आल्यासारखी दिसतात.

(कॉमनमार्क म्हणजे २०१४ मध्ये मॅकफार्लेन आणि इतरांनी मिळून बांधलेली नियमावली. ग्रुबरच्या मूळ वर्णनात बऱ्याच जागा मोकळ्या होत्या आणि प्रत्येक प्रोग्राम त्या आपल्या मनाने भरत होता. नावावरून त्यांचं आणि ग्रुबरचं वाजलं होतं, ते सोडा.)

चौथा, शोधण्याचा. याचा दोष मार्कडाउनला देता येणार नाही, युनिकोडचा आहे, पण सगळी भिस्त शोधण्यावर ठेवली की हा भेटतोच. ‘वाऱ्याचा वेग’ हा आमच्या धंद्यातला रोजचा शब्द. मी तो शोधला तेव्हा निम्म्याच नोंदी आल्या. फोनवरचा कीबोर्ड ‘ऱ्या’ एका पद्धतीने टाइप करतो, लॅपटॉपवरचा दुसऱ्या. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला वेगळे. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ यांचंही तेच, पहिल्यात एकच अक्षर आहे आणि दुसऱ्यात अ वर चढवलेली अर्धचंद्राची खूण. साध्या फायली असल्यामुळे अख्ख्या फोल्डरमध्ये एका झटक्यात शोधा-बदला करून एकच रूप ठेवता आलं. त्या जुन्या ॲपमध्ये हे एकेक नोंद उघडून करावं लागलं असतं.

ब्लॉगबद्दल थोडक्यात, कारण तिथे लिहिण्यापेक्षा खटपट जास्त. साडेतीन तारे. मी ह्यूगो वापरते. मार्कडाउनच्या फायली दिल्या की ते अख्खी साइट बनवून देतं, सर्व्हरवर डेटाबेस लागत नाही, पान झटकन उघडतं. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवरून उतरल्यावर एसटीत बसून फोनवर लिहायचं, घरी येऊन फोटो जोडायचे. फाइलच्या डोक्यावर तीन-तीन रेघांच्या मध्ये शीर्षक आणि तारीख लिहावी लागते. तिथे ‘रामशेज: अर्ध्या दिवसाचा किल्ला’ असं शीर्षक दिलं की साइट बनायचीच थांबते, कारण विसर्गासारखा दिसणारा तो अपूर्णविराम आणि पुढची मोकळी जागा त्या भागात वेगळ्या अर्थाने वाचली जाते. शीर्षक अवतरणात घातलं की प्रश्न मिटतो. आणि फाइलचं नाव देवनागरीत ठेवू नका. ब्राउझरमध्ये पत्ता छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की एकेका देवनागरी अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि टक्क्याच्या खुणांनी भरलेली ती शेपूट बघून आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधल्या काकूंना व्हायरस वाटतो.

कुणी वापरावं? एकटं लिहिणाऱ्याने जरूर. शेतकऱ्याने फवारणीची वही म्हणून वापरायला तर फारच सोयीचं आहे: छाटणीनंतर कितवा दिवस, कुठलं औषध, किती पाणी, एका ओळीत संपतं. ज्यांना शोध, जुन्या प्रती, एकच मजकूर चार ठिकाणी लागतो, अशा सर्व्हिस आणि ट्रेनिंगवाल्यांनीही. लग्नपत्रिका, कोटेशन, जीएसटीचे तक्ते करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणि टीमवर लादू नये. आमची सर्व्हिसची पोरं व्हॉट्सॲपवरच नोंदी पाठवतात आणि तिथे ठळक करायला एकच चांदणी लागते. त्यांनी ठळक केलेलं माझ्याकडे मार्कडाउनमध्ये तिरकं होतं. मी एकाच्या दोन चांदण्या करून घेते, त्यांना काही बोलत नाही. ते बागेत उभे असतात, मी पंख्याखाली.

सुरुवात करायला काही विकत घ्यायची किंवा बसवायची गरज नाही, नोटपॅड उघडा आणि लिहा. फक्त कारखान्यातल्या कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर असेल तर सेव्ह करताना खाली एन्कोडिंगचा रकाना बघा. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये तिथे यूटीएफ-८ (म्हणजे युनिकोड) आपोआप असतं, त्याआधीच्या नोटपॅडमध्ये एएनएसआय असायचं. तसंच सेव्ह केलं तर अख्खं मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसतं आणि परत येत नाही. सेव्ह करण्याआधी तो इशारा देतो, पण इंग्रजीत, आणि आपल्याकडे कॉम्प्युटरने इंग्रजीत काही विचारलं की हात आपोआप ओकेवर जातो.